शेवटच्या कडव्याची तळटीप

“रामजीभाई, ये सुर चुभता है,” हेमा म्हणाली आणि तिने पेन्सिलीने त्या जागेभोवती गोल काढला.

“चुभता है, मॅडम. लेकिन लिखा वही है.” रामजी रणपिसेने खोडरबर घेऊन तो गोल पुसून टाकला.

हे त्या महिन्यात चौथ्यांदा झालं होतं. हेमा कुरियन मूळची कोट्टायमची, वाढली मात्र बहरीनमध्ये. सलमानियाच्या एका गल्लीत तिची छोटी संगीतसंस्था होती. दिवसा मुलं पियानो, गिटार, व्हायोलिन शिकायला येत आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी चौदा हौशी माणसांचा गायकवृंद जमे. कुणी बँकेतलं, कुणी शाळेतलं, कुणी दवाखान्यातलं. वाद्याची साथ घ्यायची नाही, नुसत्या गळ्यांवर गायचं, हा त्यांचा नेम. रामजी तिथे अकरा वर्षं नोकरीला होता. क्लॅरिनेटच्या छिद्रांवरच्या गाद्या बदलायच्या, व्हायोलिनच्या तारा चढवायच्या, नोटेशनची कपाटं लावायची आणि हेमा देईल ते कॉम्प्युटरवर सुबक उतरवून द्यायचं. त्याआधी चोवीस वर्षं तो फौजेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत होता. पचमढीला ज्या हवालदाराने त्याला नोटेशन शिकवलं, त्याच्या हातात कायम छडी असे. लिहिलंय ते वाजव, मनातलं घरी जाऊन वाजव, असं तो म्हणे आणि बोटांवर मारी.

त्या वर्षी गायकवृंदाला दहा वर्षं होत होती. कार्यक्रमासाठी हेमाने काहीतरी वेगळं करायचं ठरवलं होतं. वृंदातला एक म्हातारा इंग्रज मायदेशी परतताना तिला फोटोंचा एक गठ्ठा देऊन गेला होता. चार पातळ, जुन्या पुस्तकांची पानं होती ती. ख्रिस्ती धर्मातली स्तोत्रं चारशे वर्षांपूर्वी इंग्रजी पद्यात बसवून, साध्या चालींवर, चार आवाजांत लोक गायचे. त्यांतली बारा स्तोत्रं निवडली होती, दहा या कार्यक्रमासाठी आणि दोन त्याच्या पुढच्यासाठी. पण एका पुस्तकात एकच आवाज. चारही आवाज एकाखाली एक असे कुठेच नव्हते. ठेक्याच्या उभ्या रेघा नव्हत्या, सूर शंकरपाळ्यांसारखे तिरके, आणि छापणाऱ्याने कुठे सूर गाळलेला तर कुठे एक ओळ वर चढवलेला. चार पुस्तकं जुळवून, चुका हुडकून, आजच्या माणसाला गाता येईल असं पान तयार करायचं, हे काम रामजीकडे आलं.

असं काम त्याला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. तो त्यात बुडून गेला. त्याने स्वतःपुरता एक नियम केला. पुस्तकातलं एकही अक्षर, एकही सूर मुकाट्याने बदलायचा नाही. छापणाऱ्याची चूक उघड असेल तर ती दुरुस्त करून खाली तळटीप द्यायची. एखादा शार्प, म्हणजे सूर अर्ध्याने चढवायची खूण, जुन्या रिवाजाप्रमाणे न लिहिता गायला जात असेल, तर तो सुराच्या डोक्यावर बारीक काढायचा, म्हणजे पुस्तकाचं काय आणि रामजीचं काय हे कुणालाही दिसावं.

हेमाला या नियमाचा ताप होई. मूळ चाल टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजात होती, बायकांचे आवाज तिच्या वरून फिरायचे. तिला ती चाल वर, बायकांकडे हवी होती. “लोकांना धुन ऐकू आली पाहिजे ना,” ती म्हणे. रामजी म्हणे, “पुस्तकात टेनरला आहे, टेनरलाच राहील.” दोन आवाजांत एकच सूर एकीकडे साधा आणि एकीकडे शार्प असा एकमेकांवर आपटे, तिथे तिला गुळगुळीत करायचं असे. तेही त्याने करू दिलं नाही. मग ती आपला हट्ट गाण्यात पुरवून घेई. शेवटच्या ओळी नको तितक्या लांबवायच्या, ओठ मिटून गुणगुण करायला लावायची, आवाज फुगवायचा आणि हळूच सोडायचा. प्रत्येक वेळी डोळे मिटून म्हणायचं, “सो सूदिंग.” रामजीला ते गरम भाकरीवर श्रीखंड ओतल्यासारखं वाटे. ‘सूदिंग’ हा शब्द ऐकला की त्याच्या जिभेवर खरोखर तेलकट काहीतरी पसरे. पण सूर तरी त्याच्या हातात होते, म्हणून तो ते चालवून घेई.

दहावं स्तोत्र जानेवारीत हाती आलं. बाराही चालींत ही सगळ्यात देखणी होती. टेनर पायरी पायरीने वर चढायचा, वरच्या सुरावर थबकायचा आणि कुणी खांद्यावरचं ओझं उतरवावं तसा खाली यायचा. सूर त्याने दोन दिवसांत उतरवले. मग शब्द. हेमाला प्रत्येक कडवं सुरांखाली वेगळं लिहिलेलं हवं होतं, कारण तिच्या लोकांना खालच्या ओळी वाचता वाचता गाणं जमत नसे. म्हणजे एकेक शब्द फोडायचा, मध्ये हायफन घालायचा आणि प्रत्येक तुकडा आपापल्या सुराखाली बसवायचा. फोडायचा तर शब्द कळायला हवा, आणि स्पेलिंग चारशे वर्षांपूर्वीचं. रामजी पानं घरी नेऊ लागला.

घर म्हणजे संस्थेपासून चालत दहा मिनिटांवरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. त्याची मुलगी जागृती त्याच्याजवळ राहायची. हिद्दच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. पहिल्या शिफ्टला कंपनीची बस पहाटे न्यायची आणि दुपारी चारला आणून सोडायची. जागृतीची आई चार वर्षांपूर्वी गेली होती. बापलेक चहा घेऊन बसत आणि जागृती त्याला ओळी उलगडून सांगे.

“अण्णा, हे कैदी आहेत,” पहिल्याच दिवशी ती म्हणाली. “त्यांचं गाव जाळलंय, त्यांना धरून परक्या मुलखात आणलंय. नदीकाठी बसून रडतायत. आणि वाद्यं झाडाला टांगलीयत.”

“टांगली? का गं?”

“ज्यांनी पकडून आणलं ते म्हणतायत, तुमच्याकडचं एखादं गाणं म्हणा की, आमची करमणूक करा. हे म्हणतायत, नाही म्हणणार.”

रामजीने कप खाली ठेवला.

त्याच्या फलटणकडच्या गावात देवाच्या पालखीपुढे हलगी वाजवायची पाळी रणपिश्यांच्या घराची होती. पाळी म्हणजे सक्ती. धम्म घेतला त्या वर्षी त्याच्या आजोबाने हलगी छपरातल्या खुंटीला टांगली आणि निरोप धाडला, यापुढं वाजवणार नाही. गावाने त्या हंगामात घरातल्या कुणालाही कामावर बोलावलं नाही. विहिरीकडे जायची वाट काट्यांनी बंद केली. आजोबा जोंधळ्याच्या कण्या खाऊन राहिला, पण हलगी खाली काढली नाही. पुढे रामजी फौजेच्या बँडात गेला तेव्हा बाप एवढंच म्हणाला होता, “वाजव, पण कुणाच्या दारात नको.”

“जागे,” रामजी म्हणाला, “हे तर आपलंच गाणं आहे.”

त्या आठवड्यात तो हवेत होता. कडवी एकेक करून सुरांखाली बसत होती. वर चढणारा तो टेनर म्हणजे नकार देणारा माणूस, असं त्याच्या मनाने घेतलं. संस्थेत वाटेत भेटेल त्याला तो ओळ वाचून दाखवी. हेमा हसून म्हणाली, “रामजीभाई, आप तो कन्व्हर्ट हो जाओगे.”

शेवटचं कडवं त्याने गुरुवारी दुपारी घेतलं. शब्द लहान होते आणि स्पेलिंगही फार अवघड नव्हतं, म्हणून जागृतीची वाट न पाहता तो फोडत गेला. ‘लहान’ या अर्थाचा शब्द दोन तुकड्यांत फुटला. पहिला तुकडा वरच्या सुरावर बसला, जिथे टेनर थबकतो, दुसरा त्याच्या खालच्यावर. मग दगड. मग धन्य. हायफन घालून झाल्यावर त्याने ओळ पुन्हा वाचली आणि त्याला वाटलं, आपलं इंग्रजी कच्चं आहे.

जागृती आली. ती बूट काढतेय तोच त्याने कागद तिच्यापुढे धरला. तिने वाचला, पुन्हा वाचला.

“सांग.”

“शत्रूला म्हणतायत ते. तुझी तान्ही लेकरं धरून जो दगडावर आपटील, तो धन्य.” तिने कागद परत दिला. “असंच लिहिलंय, अण्णा. तुम्ही बरोबर वाचलंय.”

रामजी उठून बाथरूममध्ये गेला. नळ सोडून तो उभा राहिला. ज्या माणसाला तो आठवडाभर आपला आजोबा समजत होता, त्याच्या हातात आता एक मूल होतं. आणि तो शब्द कुठे फोडायचा, हे ठरवताना रामजीने मान वाकडी करून, बरोबर मध्ये, सुबक हायफन घातला होता.

“त्यांचीही पोरं मारली असतील,” तो बाहेर आल्यावर जागृती म्हणाली. “राग असणारच.”

“राग मला कळतो. माझ्या घरात होता तो. पण त्याची चाल बांधून, चार आवाजांत, वर ‘धन्य’ म्हणून?”

रविवारी तो हेमाकडे गेला आणि हे कडवं गाळूया म्हणाला.

हेमा आधी समजलीच नाही. समजल्यावर टेबलावर हात आपटून हसली. “तुम्ही? एक शार्प मला काढू दिला नाहीत तुम्ही! आणि आता अख्खं कडवं?”

“मॅडम, शब्द वाचलेत का?”

“वाचलेत. लहानपणापासून माहीत आहेत. जुने शब्द आहेत, रामजीभाई. कोण समजतं? कोण अर्थ लावत बसतं? चाल किती सुंदर आहे बघा ना.”

जुने शब्द आहेत, कोण अर्थ लावतं. हेच वाक्य रामजीने दुसऱ्या पोथ्यांबद्दल, दुसऱ्या लोकांच्या तोंडून, शाळेत असल्यापासून ऐकलं होतं. तेव्हाही बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असंच समजूतदार हसू असे.

“शिवाय त्या कडव्यावर मी सगळ्यात मोठा क्लायमॅक्स ठेवलाय,” हेमा म्हणाली. “दिवे मंद करायचे, सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या, सुरुवात अगदी हळू. ते गेलं तर गाण्यात राहिलं काय?”

त्याचाच नियम तिने त्याच्या तोंडावर मारला होता, आणि तिचं म्हणणं चूक होतं असंही त्याला म्हणता येईना.

मंगळवारी तालीम झाली. चुका टिपायला रामजी नेहमीसारखा मागे खुर्ची टाकून बसला. हेमा गायकांना सांगत होती, “शेवटच्या कडव्यात डोळ्यांनी हसा. गोड. बाळाला झोपवताना गातो तसं.” चौदा जण डोळ्यांनी हसले. टेनर पायरी पायरीने वर गेले, त्या फोडलेल्या शब्दावर थबकले आणि बायकांचे आवाज वरून साय पसरावी तसे पसरले. एकही सूर चुकला नाही. रामजीने पेन्सिल खिशात टाकली.

मग खाणं आलं. कुणीतरी गरम एग पफ आणि केक आणला होता. बँकेतला एक टेनर कागदी बशी घेऊन रामजीजवळ आला, ओठांना पफचे पापुद्रे चिकटलेले. “क्या हार्मनी है यार, लास्ट व्हर्स में. अंगावर काटा येतो.”

“काय गायलात ते कळलं का?” रामजीने विचारलं.

टेनरने खांदे उडवले. रामजीने हिंदीत सांगितलं, अगदी सरळ, आवाज न चढवता. आसपासचे तीन-चार जण वळले. एक बाई म्हणाली, “ओ गॉड, हाऊ ग्रूसम!” आणि हसली. दुसरा म्हणाला, “त्या काळी असंच असायचं.” टेनर मान हलवत म्हणाला, “इंटरेस्टिंग,” आणि त्याने दुसरा पफ उचलला. अंड्याचा वास, वितळलेलं लोणी, गार होत चाललेला चहा आणि ते चघळणारे चौदा गळे. रामजीने आपली बशी घेतलीच नाही.

मेहरीन नावाची एक मुलगी तेवढी उभी राहिली. ती आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गायची, एका बालवाडीत शिकवायची. तिने आपला कागद काढून ती ओळ बोटाने वाचली. “रामजीभाई, सच में यही है?”

“यही है.”

तिने बशी तशीच टेबलावर ठेवली. पलीकडून हेमा म्हणाली, “मेहरीन, प्रोफेशनल रहो, प्लीज. यल्ला, चला, पुन्हा एकदा सुरुवातीपासून.”

शुक्रवारी सुट्टी होती. रामजी सकाळीच संस्थेत गेला, कुलूप उघडून कॉम्प्युटरपुढे बसला आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. शेवटच्या दोन ओळी पुसल्या. त्याच मापात, तितक्याच तुकड्यांच्या, नदी आणि पहाट आणि घरी परतणं असल्या निरुपद्रवी ओळी इंग्रजीत जुळवल्या. स्पेलिंग जुनं केलं. छापून पाहिलं तर कुणाच्या बापाला संशय आला नसता. तो कागद त्याने घरी नेऊन जागृतीपुढे ठेवला. तिचं कपडे वाळत घालणं चाललं होतं.

तिने वाचलं आणि हातातला शर्ट पिळून दोरीवर टाकला.

“झकास जमलंय,” ती म्हणाली. “उद्या कुणी म्हणेल, असलं काही त्यात कधी लिहिलेलंच नव्हतं. सगळं चांगलंच होतं आधीपासून. आपल्याला हे किती वेळा ऐकवलंय, अण्णा? आता तुम्ही त्यांना ते आयतं करून देताय.”

रामजीने कागदाकडे पाहिलं. पहाट, नदी, घर. खऱ्या कडव्याची त्याला किळस आली होती, पण याने त्याला स्वतःच्या हातांची घाण वाटली. कागदाचे तुकडे करून त्याने ते कचऱ्याच्या पिशवीत कोंबले आणि परत संस्थेत गेला. जुन्या ओळी होत्या तशा बसवल्या. मग खाली तळटीप लिहिली, आजच्या इंग्रजीत, जागृतीला फोनवर विचारून विचारून: या कडव्याचा अर्थ असा आहे, तो इथे पुस्तकाप्रमाणे काहीही न बदलता दिला आहे, गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने तो जाणून घ्यावा. एकूण चार ओळी. चुकांच्या तळटिपा जितक्या मोठ्या अक्षरांत होत्या, तितक्याच मोठ्या अक्षरांत. कार्यक्रमाच्या पुस्तिकेत श्रोत्यांसाठी सगळे शब्द छापायचे होते, तिथेही त्याने ती घातली आणि फाइल हेमाला पाठवली.

हेमाचं उत्तर आलं ते अंगठ्याचं चित्र.

पुस्तिका छापायचं काम बाब अल बहरीन या शहराच्या जुन्या वेशीमागच्या गल्लीत शब्बीरच्या छापखान्यात होतं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी रामजी टॅक्सी घेऊन गठ्ठे आणायला गेला. शब्बीरने मोठ्या अभिमानाने एक प्रत उघडून दाखवली. जाड, साईच्या रंगाचा कागद. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत: संपादन, रामजी रणपिसे. अकरा वर्षांत संस्थेच्या कुठल्याच कागदावर त्याचं नाव आलं नव्हतं.

त्याने दहावं स्तोत्र उघडलं. कडवं होतं. खाली कोरी जागा होती आणि तिथे एक छोटी मेणबत्ती काढली होती.

“नीचे का हिस्सा मॅडम ने फोन करके निकलवाया,” शब्बीर म्हणाला. “बोली, पेज हेवी लग रहा है. और आपका नाम बडा करवाया. मुबारक हो, रामजीभाई.”

गठ्ठे तिथेच टाकून निघून जावं, असं रामजीला वाटलं. तो गेला नाही. चारही गठ्ठे उचलून त्याने टॅक्सीत ठेवले, हॉटेलच्या हॉलपर्यंत नेले आणि खुर्च्यांवर एकेक प्रत मांडली. नंतर जागृतीला हे सांगताना तो सगळ्यात जास्त अडखळला तो इथेच. कुणी बळजबरी केली नव्हती. आपण एका ओळीत, नीट, कोपरे जुळवून मांडल्या, असं तो म्हणाला.

हॉल भरला होता. रामजी मागच्या दाराजवळ उभा राहिला. दहाव्या स्तोत्राला दिवे मंद झाले. मेणबत्त्या आल्या, खऱ्या नव्हेत, बॅटरीच्या. शेवटचं कडवं हेमाने इतकं हळू घेतलं की प्रत्येक तुकडा सुटा ऐकू आला, त्याच्या हायफनसकट. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने रुमालाने डोळे टिपले. काही लोक डोलत होते. बहुतेकांच्या मांडीवर पुस्तिका उघडी होती, बोट त्या ओळीवर होतं, आणि चेहऱ्यावर काहीही उमटत नव्हतं. मग टाळ्या. लोक उभे राहिले. हेमाने मायक्रोफोन घेऊन त्याचं नाव पुकारलं, “व्हेअर इज आवर रामजीभाई?” माना वळायच्या आत तो दार ढकलून बाहेर पडला.

बाहेर गालिच्यावर बाबागाडी घेऊन एक तरुण बाई येरझाऱ्या घालत होती. बाळ किरकिरत होतं म्हणून ती मधूनच उठून आली असावी. रामजीच्या गळ्यात संस्थेचं कार्ड पाहून ती इंग्रजीत म्हणाली, “तुम्ही यांच्यापैकीच ना? हे शेवटचं किती सूदिंग होतं! हा बघा, एका मिनिटात झोपला. मी दाराशी उभी राहून रेकॉर्ड केलंय. रोज हेच लावीन आता.”

गप्प बसायचं, असं रामजीने दिवसभर ठरवलं होतं. पण बाबागाडीत ते पोर मूठ तोंडात धरून निजलं होतं.

“मॅडम, ते लावू नका,” तो आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. “त्यात लिहिलंय की शत्रूची बाळं दगडावर आपटणारा माणूस धन्य. शेवटच्या ओळीत. तुमच्या पुस्तिकेत आहे.”

बाईचा चेहरा आक्रसला. ओठ मुडपले, नाकपुड्या फुलल्या. घाणेरडं काही पायाखाली आल्यावर माणसाचं तोंड होतं तसं. दोन आठवडे रामजी हाच चेहरा कुणातरी एकाच्या तरी तोंडावर शोधत होता. आता तो दिसला, पण तिची नजर पुस्तिकेकडे गेलीच नाही. ती रामजीकडे पाहत होती.

“शेम ऑन यू,” ती म्हणाली. “माझ्या बाळासमोर असं बोलता?” आणि गाडी फिरवून झपाझप आत गेली.

रविवारी हेमाने त्याला बोलावलं. त्या बाईने मेल लिहिली होती.

“तान्ह्या मुलासमोर असं बोलायला लाज नाही वाटली?”

“मी एकट्यानं बोललो, मॅडम. तुम्ही चौदा जणांनी गायलंत.”

हेमाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माझी आजी हे स्तोत्र म्हणायची,” ती म्हणाली. “ते कडवं आलं की ती गप्प व्हायची आणि पुढचं स्तोत्र चालू करायची. मी कधी विचारलं नाही.” मग तिने चष्मा घातला आणि आवाज पुन्हा नेहमीचा झाला. “पण ते घरात होतं. कार्यक्रमात तसं चालत नाही.”

“मग माझं नावही चालणार नाही. टीप नाही तर नाव नाही. आणि उरलेल्या स्तोत्रांचं कामही नाही.”

“ॲज यू विश,” हेमा म्हणाली.

उरलेल्या पुस्तिका कपाटात होत्या, पन्नास-साठ असतील. दुपारी काळं पेन घेऊन रामजीने प्रत्येकीवरचं आपलं नाव खोडलं. चकचकीत कागदावर शाई पसरली, त्याची बोटं काळी झाली आणि नाव तरीही उजेडात वाचता येत होतं.

गाळलेल्या टिपेची गोष्ट वृंदात पसरली होती. चार दिवसांनी मेहरीन त्याच्या कामाच्या टेबलापाशी आली. तिने विचारलं, टीप असलेलं पान आहे का? त्याने छापून दिलं. ती तिथेच उभी राहून वाचू लागली, मग म्हणाली, “एक बात बोलूँ? उस दिन वो व्हर्स मैंने नहीं गाया. सिर्फ होंठ हिलाये.”

हे सांगून तिला हलकं वाटलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. शाबासकीची वाट पाहत होती ती. रामजीला तिचीही किळस आली, आणि लगेच गठ्ठे वाहणाऱ्या स्वतःची.

“कुणाला कळलं का?” त्याने विचारलं.

“नहीं.”

“मलाही नाही कळलं. मी मागे उभा होतो. मला चौदाच आवाज वाटले.”

मेहरीनचे डोळे भरले. रामजीने तिला स्टूल सरकवून दिलं आणि म्हणाला, “बस. मी त्याच पुस्तिका खुर्च्यांवर मांडल्या. तुझ्यापेक्षा मी काही वेगळं केलं नाही.” जाताना पान घडी करून पर्समध्ये घेऊन गेली. तिने वृंद सोडला नाही. रामजीने विचारलंही नाही.

ईदनंतर हेमाने पुढच्या स्तोत्रांची पानं फोटोवरून सूर ओळखणाऱ्या एका प्रोग्रॅमला घालून पाहिली. त्याला शंकरपाळे कळले नाहीत. जे बाहेर आलं ते वृंदाने एकदा गायलं आणि टेनर हसून हसून खाली बसले. दुसऱ्या दिवशी ती फोटोंचा गठ्ठा घेऊन रामजीकडे आली.

“टीप छापू,” ती म्हणाली. “लहान अक्षरांत.”

“बाकीच्या टिपा आहेत तितक्याच मोठ्या अक्षरांत. आणि छापखान्यात शेवटचं प्रूफ मी बघणार.”

“आणि सगळीकडे असं काही निघालं तर? माणसं येतील का ऐकायला?”

“ते मला नाही माहीत, मॅडम.”

तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पण गठ्ठा ठेवून गेली.

आता रामजीची पद्धत बदलली होती. सुरांना हात लावायच्या आधी तो सगळे शब्द एका वहीत उतरवून काढी, जागृतीबरोबर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाची, जिथे थांबावं लागे तिथे खूण करी. अकराव्या स्तोत्रात दोन खुणा झाल्या. त्या दुपारी जागृतीने वही मिटली आणि चहा टाकायला उठली. रामजीने चार पुस्तकांचे फोटो शेजारी शेजारी लावले, टेनरचं पान जवळ ओढलं आणि पहिला सूर लिहिला. चाल बरी होती. कामात त्याचा हात पूर्वीइतकाच नीट चालत होता, पण ती गुणगुणावी असं त्याला वाटलं नाही.